सुका बर्फ विष की सोडा, हे पोळ्याच्या आत ठरवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, चंद्रपूर.

अर्जदार : रंजीता धनराज मोहुर्ले, वय ३१, धंदा शेतमजुरी, रा. मौजा बोरटोला, ता. पोंभुर्णा, जि. चंद्रपूर.

विषय : यंत्रसफाईचा सुका बर्फ माणसाला निर्धोक आहे की जीवघेणा, हे पोळ्याच्या आत ठरवून मिळण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे ठिकठिकाणी दिलेले यापूर्वीचे अर्ज आणि त्यांवर मिळालेली तोंडी उत्तरे.

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदाराचा नवरा धनराज आणि धाकटा दीर सुरज हे दोघे एका पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे सफाईच्या कामावर होते. पैकी सुरज अजून आहे. धनराज एप्रिलपासून कारागृहात आहे. त्यांचे काम सुक्या बर्फाने यंत्रे साफ करण्याचे. हा बर्फ पाण्याचा नसतो, गोठवलेल्या वायूचा असतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्याच्या गोळ्या यंत्रात ओतायच्या आणि नळीतून हवेच्या जोराने जनरेटरवर, मोटारींवर मारायच्या. वर्षानुवर्षांचा काळा चिकट थर तडकून गळून पडतो आणि बर्फ हवेत उडून जातो. मागे पुसायलाही काही उरत नाही. कारखान्याला या कामाचे भारी कौतुक. फाटकाजवळच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवून घेतले आहे : पाणी नाही, रसायन नाही, कचरा नाही, धोका नाही.

२. गेल्या सुरक्षा सप्ताहात कामगारांच्या बायकांनाही बोलावले होते. मॅनेजरसाहेबांनी मंचावर परातीत हा बर्फ ठेवून त्यावर गरम पाणी ओतले. पांढरे धुके मंचावरून उतरून बायकांच्या पायांशी आले. अर्जदाराने त्यात हात घातला आणि हसून इतरांबरोबर टाळ्याही वाजवल्या. हा वायू जड असतो, जमिनीलगत साचतो आणि कोंदट जागेत माणसाला गुदमरवून मारतो, हे त्या दिवशी कोणी सांगितले नाही. धनराजलाही कामावर कधी सांगितले नाही. दस्ताने घाला, नाहीतर हात पोळेल, एवढेच त्याचे शिक्षण. चहा-बिस्किटाबरोबर एका कागदावर सगळ्यांच्या सह्या मात्र घेतल्या होत्या.

३. एप्रिलात अर्जदाराची सासू केसरबाई पहाटे वारली. चंद्रपूर जिल्ह्यातला एप्रिल साहेबांना सांगायला नको. नणंद चंचल मिरची तोडायला तेलंगणात गेली होती, तिला पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. लेकीने तोंड पाहिल्याशिवाय मायला न्यायचे नाही असे घरात ठरले. गावात लादीचा बर्फ मिळत नाही, आणि लांबून आणायचा तर वाटेतच त्याचे पाणी होते. म्हणून धनराज कारखान्यात गेला. तिथला पर्यवेक्षक लोकेश याने दोन खोकी भरून दिली आणि म्हणाला, "घेऊन जाय बे. संध्याकाळी आपण फेकूनच देतो ना, नाईतरी उडून जाते." हाच लोकेश आज म्हणतो की त्या दिवशी त्याने धनराजला पाहिलेच नाही. त्यालाही नोकरी टिकवायची आहे. अर्जदार त्याला रोज शिव्या देते, पण या अर्जात देत नाही.

४. प्रेताभोवती बर्फ पसरला. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी पोत्याने बुजवली, दाराखाली लुगडे गुंडाळून लावले. अर्जदाराच्या घरी प्रेत एकटे ठेवत नाहीत, म्हणून केसरबाईची बहीण गुणाबाई शेंडे उशाशी खाली बसली. उशाशी रिवाजाप्रमाणे दिवा होता. तो दिवा सारखा विझू लागला. गुणाबाईने लावावा आणि तो विझावा. बाहेर बसलेल्या बायकांनी अर्थ लावला की केसरबाईचा जीव लेकीत अडकला आहे, चंचल येईपर्यंत दिवा ठरायचा नाही. गुणाबाईला वाटले, वारा येतो. ती आतून म्हणाली, "दार नीट लाव वो रंजीता, कुठून तरी हवा येऊन राह्यली. मी आहो इथी, विझू देत नाई मी." अर्जदाराने दार नीट लावले. दुपारी चहा घेऊन गेली तेव्हा गुणाबाई बहिणीच्या छातीवर डोके टेकून पडली होती आणि तिच्या मुठीत काडेपेटी होती. घरातल्यांना वाटले, बहिणीमागे बहीण गेली. ती गुदमरून मेली, हे शवविच्छेदनानंतर कळले. अर्जदार उभी होती आणि दार उघडे टाकून आली होती म्हणून वाचली, असे डॉक्टर म्हणाले.

५. त्यानंतर कारखाना जागा झाला. त्याने पोलिसांना लेखी जबाब दिला की सदर पदार्थ अत्यंत घातक असून त्याचा धोका पुरेपूर ठाऊक असतानाही धनराजने तो चोरून नेला व घरात वापरला. पुरावा म्हणून त्या चहा-बिस्किटाच्या सह्या जोडल्या. धनराजवर चोरीचा आणि सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. चोरीचा माल जप्त करायचा, तर माल हवेत गेलेला. म्हणून रिकामी खोकी आणि अर्जदाराचे लुगडे पंचांसमक्ष जप्त करण्यात आले. जो माल रोज संध्याकाळी मागच्या कुंपणाशी ओतून देतात, तो त्या एका दिवशी मौल्यवान ठरला. मावशीला ज्याने आईसारखे मानले, तो तिचा मारेकरी ठरला. हे लिहिताना अर्जदाराच्या अंगाची लाही लाही होते.

६. आता मूळ मुद्दा. कारखान्यात जनरेटरच्या खाली तारांचे तळघर आहे. उतरायला एक शिडी, वर एक झाकण. आत हवेचा पंखा नाही, वायू मोजायचे यंत्र नाही. पोळा झाला की कारखाना बंद ठेवून हे तळघर सुक्या बर्फाने साफ करायचे ठरले आहे, आणि धनराजच्या जागी नळी धरायला सुरजचे नाव आहे. गुणाबाई जिथे मेली ती खोली निदान जमिनीच्या वर होती. अर्जदाराने ग्रामपंचायतीमार्फत कारखान्याला विचारले. उत्तर आले की सदर वायू माणसाच्या श्वासात आणि सोड्याच्या बाटलीतही असतो, त्यापासून कामगारांना कोणताही धोका संभवत नाही. पोलिसांकडचा जबाब आणि हे पत्र, दोन्हींवर सही एकाच साहेबांची आहे. थोरल्या भावाने नेला तर विष आणि धाकट्याने हुंगला तर सोडा, असा हा पदार्थ आहे.

७. अर्जदार हे दोन्ही कागद घेऊन दारोदार फिरली. एका ठिकाणी सांगितले की मृत्यू कारखान्याबाहेर झाला, तो आमच्या अखत्यारीत येत नाही. मग आतले तळघर तरी पाहा, म्हटले, तर आत मृत्यू झालेलाच नाही, चौकशी कशाची करायची? तिथल्या बाबूने अर्जदाराला खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाला, "आतमंधी काई झालं का मंग या बाई, लगेच घेतो अर्ज." माणूस वाईट नव्हता. म्हणजे सुरज मेल्यावर यायचे आहे. दुसऱ्या ठिकाणी, आरोपीच्या बायकोला तक्रार करता येते की नाही हे वरून विचारून घेतो म्हणाले. ते अजून विचारत आहेत.

८. सुरजला काम सोड म्हणून सांगून पाहिले. तो म्हणाला, "मी नाई उतरलो तर दुसऱ्याच्या पोराले उतरवतीन. अन् वयनी, घरी काय दगड खाऊ?" त्याच्याच मजुरीवर चूल पेटते, हे खरे आहे.

९. साहेब, हा अर्ज करू नये असे धनराजच्या वकिलांनी अर्जदाराला बजावले आहे. कारखान्याचे सोड्याचे पत्र हाच धनराजचा बचाव आहे. मालकच जर म्हणतो की पदार्थ निर्धोक आहे, तर धनराजला दोष कसा द्यायचा, असे ते न्यायालयात विचारणार आहेत. आरोपीच्या बायकोनेच सरकारदरबारी लिहून दिले की पदार्थ जीवघेणा आहे, तर ते पत्र कुचकामी होईल, आणि धनराज किती वर्षे आत राहील ते वकिलांना सांगता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. अर्जदार तीन दिवस जेवली नाही. मग कारागृहात भेटीला गेली आणि जाळीपलीकडे उभ्या असलेल्या धनराजला सगळे सांगितले. तो आधी रडला. मग म्हणाला, "मावशी माह्या हातानं गेली. सुरजले खाली नोको उतरू देऊ. दे लिहून." भेटीची वेळ संपली होती.

१०. तरी साहेबांनी सुका बर्फ कोंदट जागेत जीवघेणा आहे, असेच ठरवून द्यावे. निर्धोक ठरवल्यास नवरा सुटेल हे अर्जदाराला ठाऊक आहे. ती तसे मागत नाही. तळघरात पंखा आणि वायू मोजायचे यंत्र बसेपर्यंत तिथे सुरजला किंवा कोणाच्याही पोराला उतरवू नये, असा आदेश शुक्रवारी पोळा फुटण्याच्या आत व्हावा, ही विनंती.

हा अर्ज खटल्यात आपल्याच नवऱ्याविरुद्ध वाचला जाऊ शकतो, हे अर्जदाराला समजावून सांगण्यात आले आहे. ते तिला समजले आहे. खाली सही तिचीच आहे.

आपल्या आदेशाची वाट पाहणारी,

(सही)
रंजीता धनराज मोहुर्ले

ठिकाण : चंद्रपूर
दिनांक : १८/०८/२०२५

सोबत :
१) पदार्थ घातक असल्याचा कारखान्याचा जबाब.
२) पदार्थ निर्धोक असल्याचे कारखान्याचे पत्र.
३) कै. गुणाबाई शेंडे यांचा शवविच्छेदन अहवाल.