गव्हर्नरानं न केलेली सही

बाई,

तुमचा तो गव्हर्नर आज पुन्हा माझ्या डोक्यात येऊन बसलाय. कॉलेजात तुम्ही आम्हाला अमेरिकेचा सगळा इतिहास शिकवलात, पण लक्षात राहिला तो एकटाच. इंग्लंडातली वकिली आणि जमीनजुमला सोडून, धर्म शुद्ध पाळता यावा म्हणून जहाजं भरून माणसं समुद्रापार नेणारा. आपली वस्ती म्हणजे डोंगरावरचं गाव, सगळ्यांची नजर आपल्यावर, असं तो म्हणाला होता, आणि हे सांगताना तुम्ही खिडकीतून पन्हाळ्याकडे हात करायचात. त्याच्या घरची लाकडं एक गरीब माणूस चोरायचा. यानं त्याला बोलावून सांगितलं, हिवाळाभर लागतील तेवढी ने, म्हणजे चोरायला नको. ही गोष्ट तुम्ही दर वर्षी दोनदा सांगायचात.

त्यानंच एका स्त्रीला वसाहतीतून हद्दपार केलं, हे मी पुढं वाचलं आणि तणतणत बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात आले. तुम्ही आमच्या रेक्टर. स्वयंपाकीण आली नव्हती म्हणून स्वतःच भाकरी थापत होतात. ती घरी बायका जमवून धर्मगुरूंच्या प्रवचनांची चिरफाड करायची, एवढ्यासाठी लेकराबाळांची बाई बर्फातून हाकलायची? लाकडं देणारा देवमाणूस तो हाच का? तुम्ही हाताचं पीठ झटकलंत. "बोलाय सोपं हाय. पोरींचं बोर्डिंग चालवून बघ, मग ये भांडाय."

आता तुमच्यामागं तेच चालवतेय. शाहूवाडीकडची एक मुलगी आलीय, काय सांगू! पाळी असताना स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हा आपला नियम तुमच्याही आधीचा. ही रविवारी खोलीत पोरी जमवते आणि विचारते, हे कुठल्या देवानं सांगितलं? गेल्या आठवड्यात पाळीतच हिनं सगळ्यांच्या भाकऱ्या केल्या आणि जेवणं उरकल्यावर उभी राहून तसं सांगितलं. एक पोरगी रडायलाच लागली. पालकांचे फोन सुरू झाले. आज दुपारी ट्रस्टचे अध्यक्ष तिला काढल्याचा कागद सहीला घेऊन आले. म्हणाले, जुन्या बाई असत्या तर कालच सही झाली असती. तिच्या घरी तर स्थळ बघून ठेवलंय. बोर्डिंग सुटलं की कॉलेज सुटलं. माफी माग म्हटलं, तर म्हणते, "मॅडम, भाकरी गोड लागली की न्हाय तुमास्नी?" लागली होती.

पेन हातात घेतलं आणि दवाखान्यातल्या तुम्ही आठवलात. दम पुरत नव्हता, तरी मला जवळ बोलावून तुम्ही सांगितलंत, की गव्हर्नर मरणाला टेकला होता तेव्हा एक जण असाच कुणाच्या तरी हद्दपारीचा हुकूम घेऊन आला, अशी गोष्ट सांगतात. त्यानं सही केली नाही. म्हणाला, हे काम माझ्या हातून आधीच फार झालंय.

"तवाच सांगाय पायजे होतं तुला," तुम्ही म्हणालात, "पण लई चढली असतीस."

मीही सही केली नाही. मग तुमचंही बघावं लागेल, अध्यक्ष म्हणाले. बघा म्हटलं.

हे काही कुठं पोचणार नाही, म्हणून खरं तेच लिहिते. ती मुलगी मला आवडत नाही. उर्मट आहे, तोंडाला तोंड देते, आपलंच खरं करते. गेली असती तर सुटले असते मी. तुमच्याशी भांडणारी मी तुम्हालाही आवडत नव्हतेच ना, बाई? तरी राहू दिलंत.