जिवंत बहिणीचं पाणी

अण्णा, तुमची बहीण जिवंत आहे. तुम्हाला ते ठाऊकच होतं. मला कळलं, एवढंच सांगायचंय. आज सर्वपित्री अमावास्या. शुक्रवार असल्याने ऑफिसला सुट्टी आहे. इथे कुवेतला, मंगफच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ताम्हन, पळी, काळे तीळ घेऊन बसलोय. बाकी सगळ्यांना पाणी देऊन झालं. पहिलं नाव बापाचं घ्यायचं असतं, ते ओलांडून मी पुढे गेलो. तुम्हाला द्यायचं की नाही ते ठरत नाहीये. देऊ नये, असंच वाटतंय.

हे ताम्हन तुमचंच. मी कुवेतला निघालो तेव्हा दुसऱ्या बापांनी पोरांना घड्याळं दिली, तुम्ही हे दिलंत. "मी असेपर्यंत हात लावायचा नाही, माझ्यामागे चुकवायचं नाही," म्हणालात आणि समोर बसवून नावांचा क्रम घोकून घेतलात. आजोबा, पणजोबा, मग बाकीचे, शेवटी आत्या. इथल्या विमानतळावर जमारिकवाल्याने, म्हणजे कस्टमवाल्याने, बॅग उघडली, ताम्हन उलटंपालटं करून "शिनू हाझा?", हे काय, म्हणून विचारलं. माझ्या तोंडून कसंबसं "माय फादर गिफ्ट" निघालं, तर त्याने ते माझ्या शर्टात नीट गुंडाळून परत ठेवलं. तुम्ही गेल्यापासून एकही वर्ष चुकवलेलं नाही. इथे दक्षिणेला तोंड केलं की मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीची ज्योत दिसते. तिच्याकडे बघत अंगठ्यावरून पाणी सोडायचो आणि आपण किती गुणी मुलगा, असं वाटायचं.

लहानपणी एकदा पक्षाच्या दिवशी मी विचारलं होतं, आत्या कशाने गेली? तुम्ही पळी खाली ठेवलीत. "मेलेल्यांची चौकशी करायची नसते. आगाऊपणा पुरे." स्वयंपाकघरात आई वडे तळतेय, झारा हातात तसाच धरून उभी आहे, कढईत घाणा करपतोय. त्याबद्दलही तिलाच बोलणी बसली. तिला माहीत होतं, हे मला आत्ता कळतंय. आणि त्याच दुपारी जेवायला आलेल्या गुरुजींपुढे तुम्ही माझी हनुवटी धरून वर केलीत. "डोळे बघा. अस्सल कोकणस्थ! आम्हाला कुळ सांगावं लागत नाही."

यंदा माझ्या मुलीच्या मामाने अमेरिकेहून येताना एक किट आणलं. नळीत थुंकायचं, ती पाठवायची, मग तुमचे पूर्वज कुठले ते कळतं. मी नको म्हणत होतो. "बाबा, इट्स जस्ट स्पिट," मुलगी म्हणाली. म्हटलं, होऊ दे तिची हौस, आणि थुंकलो नळीत; कोकण निघेल, दुसरं काय. त्यात निघालं आयर्लंड. नळ्यांची अदलाबदल झाली असेल, असं मी छातीठोकपणे घरात सांगितलं. मग तिकडच्या एका बाईंचा मेल आला. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्या आपल्या घराण्याचा माग काढत बसल्यात. त्यांच्या आजोबांचा भाऊ हिंदुस्थानात रेल्वेचं इंजिन चालवायला गेला होता. इगतपुरीहून त्याची पत्रं यायची, ती एकाएकी थांबली. मी त्याचा पणतू निघालो. पुढे बाईंनी लिहिलं होतं, अशीच नळी पाठवलेली, तुमच्या नात्यात माझ्याहून फार जवळची एक वयस्क बाई देवळालीला राहते, तुमची आत्या असावी. भाच्याला हवं असेल तरच नंबर द्या, असं तिने सांगितलंय.

नंबर मागून घेतला, व्हिडिओ कॉल लावला, आणि फोनच्या पडद्यावर तुमचे डोळे उघडले, अण्णा. पांढऱ्या केसांखाली, जाड भिंगांमागे. माझी मुलगी शेजारून "ओ माय गॉड" म्हणाली, कारण ते तिचेही आहेत.

"दादाचा ना रे तू? रागावले नाही असं खोटं नाही सांगणार तुला. मला बघायला आले होते. मुलाची आई म्हणाली, डोळे कसे अस्सल कोकणस्थी! मी म्हटलं, नाही हो, आमचे आजोबा आयर्लंडचे, इंजिन चालवायचे. आजीनं मरताना आम्हा दोघांना सांगितलं होतं. आजोबा तापात गेले नि पोराला घेऊन ती मिरजेला आली, कोकणस्थाची विधवा म्हणून राहिली. पाहुणे उठून गेले, मग दादानं माझी ट्रंक रस्त्यावर ठेवली."

पुढे ती नर्स झाली, इगतपुरीला जाऊन त्या आजोबांची कबर शोधून काढली, अजून तिथे फुलं ठेवून येते. आणि इकडे तुम्ही? पणजोबा म्हणून जे नाव घोकून घेतलंत, त्या नावाचा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. ज्याच्या डोळ्यांवर जन्मभर मिजास केलीत, त्याला थेंब नाही. आणि चालतीबोलती बहीण तुम्ही दरवर्षी तीळ घालून मारलीत. तुमच्यामागे ते काम माझ्याकडून करून घेतलंत. लाज कशी वाटली नाही तुम्हाला? मला तुमचा संताप येतो, आणि भांडायला तुम्ही नाही, याचा त्याहून जास्त येतो.

तर्पणाचं सांगितलं तेव्हा आत्या खो खो हसली. "अरे, म्हणूनच मला कधी तहान लागली नाही!"

आज तिचं नाव गाळलं. पणजोबांचं खरं नाव घेतलं. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात, तसं म्हटलं.

हे लिहिता लिहिता तिचाच फोन आला.

"दादाला दिलंस का पाणी?"

"नाही. देणारही नाही."

ती म्हणाली, "दे रे. फार तहान लागायची त्याला. लहानपणी त्याच्या उशाशी तांब्या मीच भरून ठेवायचे."

दिलं. माफ केलं म्हणून नाही. तिचा निरोप होता, मी फक्त हात पुढे केला. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी तिला विचारल्याशिवाय मी ते टाकलं नसतं. कबूल करायचं नव्हतं, पण बाकी सगळं आवरून झालं होतं तरी तिचा फोन येईपर्यंत मी पळीभर पाणी मागे ठेवलं होतं.