विस्तवाविना कॉफी

प्रिय धाकटे,

तू हसशील, पण तुझी ताई हल्ली गार कॉफी करते. कोल्ड ब्रू म्हणतात तिला. सूनबाईच्या फोनवर बघून, एकदा फसून शिकले. नेहमीची बारीक पूड घातली, तर बरणीत नुसता चिखल. पूड जाडसर लागते, जाड्या मिठासारखी. गार पाण्यात कालवायची, झाकण लावायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून तिची आठवणही काढायची नाही. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळायची. पिळायची मात्र नाही, कडू होते. आई म्हणायची ना, लिंबू काय नि माणूस काय, फार पिळू नये.

सूनबाईने घोट घेतला आणि म्हणाली, आई, तुम्ही दुकानच काढा! म्हटलं, काढते की, आधी दार तर उघडं ठेवा. ती हसली, मीही हसले. मग लेक नि ती, दोघं कामाला गेली आणि बाहेरून किल्ली फिरली. दिवसभर मी, ती बरणी आणि समोरच्या इमारतीची भिंत. भिंतीवरचे डाग आता मला नावानिशी ओळखतात.

विचारशील, गरम कॉफीने तुझं काय घोडं मारलं? अगं, शेगडीची बटणं लेक रोज काढून नेतो, डब्याच्या पिशवीत घालून. दुधाचं भांडं जळून कोळसा झालं, पडदा पेटता पेटता राहिला, तेव्हापासून. आईला विसरायला होतं, असं डॉक्टरांनाही सांगून झालं.

भांडं त्यानेच ठेवलं होतं गं. साहेबांचा फोन आला आणि बोलत बोलत गॅलरीत गेला. मी आत पडले होते. सूनबाई आल्या आल्या कडाडली. दोघांचं आधीच धड नव्हतं, त्याचा चेहरा मला बघवेना. तोंडून निघून गेलं, मीच विसरले. वाटलं, म्हातारीवर कोण रागावणार? कोणीच रागावलं नाही. तिथेच तर घात झाला. सगळे काळजी करायला लागले.

पहिले काही दिवस तो माझी नजर चुकवायचा. आता त्यालाही तसंच आठवतं. आई, त्या दिवशी तू भांडं ठेवलंस ना, असं इतक्या मायेने म्हणतो, की कधी कधी मीच चाचपडते. ठेवलं होतं का मी?

म्हणून हे पत्र. फोन करायचा तर त्याच्याच फोनवरून, आणि तो स्पीकरवर ठेवतो. सकाळी येणारी भांडीवाली बाई हे पेटीत टाकेल. खरं सांगून सुटेन, पण त्याचा संसार मोडायला निमित्त नको. तेव्हा तू आजारी पड. कंबर धर, गुडघा धर, पण फोनवर चांगली कण्ह. मला यायचंय म्हटलं तर तो सोडणार नाही. तुला मी हवी म्हटलं तर स्वतः आणून सोडेल, इतका गुणाचा आहे. मी आले की शेगडी माझ्या ताब्यात दे. दूध उतू जाऊ देणार नाही, समोर उभी राहून बघ.

वाट बघणारी,
तुझीच ताई