पत्रकावरचा मारुती

सांगली, दि. ९ एप्रिल १९९९

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. मालकांनी छपाईच्या दुकानात इंटरनेट घेतलं. परदेशातली माणसं त्यावरून पत्रं धाडतात. मला वाटलं होतं, ख्यालीखुशालीची असतील. पण एक गिऱ्हाईक रोज त्यावरून नुसती घाण कागदावर उतरवून नेतं. कोणी कुणाच्या देवाला जायचं नाही, जाईल त्याला मत द्यायचं नाही. वाचून किळस येते. यंदा मोहरमच्या मिरवणुकीत पीराचा पंजा तुम्हीच उचलणार ना? आपल्या घराचा चार पिढ्यांचा मान आहे. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

आपला आज्ञाधारक,
शंभूराज

पिंपळवाडी, ता. कोरेगाव, १६ एप्रिल

चि. शंभूराज यास अनेक आशीर्वाद.

गाव नासलं. चावडीच्या भिंतीवर पत्रक चिकटवलंय, की पंजाला हात लावणाऱ्या हिंदूच्या घरी कोणी पाणी प्यायचं नाही. फाडायला गेलो, तर वर मारुतीचं चित्र. हात थबकला. पोरं हसली, म्हणाली की आबांनी खुशाल फाडावं देवाला. ते चित्र टाकणारा लय पोचलेला असणार.

ज्याच्या घरी पंजा बसतो, तो दस्तगीर मुजावर सांजचा आला. म्हणाला, यंदा राहू द्या, तुम्हाला त्रास नको. मान वर केली नाही त्यानं. काय करावं सुचत नाही.

तुझा,
आबा नाथाजी

सांगली, २० एप्रिल

तीर्थरूप आबांस, सा. न.

ते चित्र मी टाकलं. त्याच गिऱ्हाइकाचा मजकूर मालकांनी जुळवायला दिला, मला नाही म्हणवलं नाही. वरची जागा मोकळी दिसत होती, आणि देव असला म्हणजे कागद पायदळी जात नाही. घाणीला मीच सोवळं नेसवलं. आता किळस माझीच येते. तुम्ही पंजा उचलू नका, पोरं दगड मारतील. माझ्यावर राग धरा, पण पत्र पाठवा.

शंभूराज

पिंपळवाडी, २२ एप्रिल

शंभूराज,

तुझं पत्र दस्तगीरला वाचून दाखवलं. तो एवढंच म्हणाला की पोराची नोकरी जाऊ देऊ नका. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग चावडीवर गेलो. चपला काढल्या, मारुतीला हात जोडले आणि पाणी मारून सगळा कागद उतरवला. पोरं बघत होती. हसलं कोणी नाही.

मंगळवारी पंजा मी उचलणार. तू सोमवारी ये. आधी दस्तगीरच्या दारात जा. काय बोलायचं ते तुझं तू बघ, मी सोबत येणार नाही. त्यानं आत बोलावलं, तर माझ्याबरोबर पंजाला हात लाव. नाही बोलावलं, तर तिथूनच सांगलीची एसटी धर.

आशीर्वाद तोवर राखून ठेवला आहे.

नाथाजी