पाटावरचे उतारे

आबा,

घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. स्वराज्य आल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी जळगावच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसले. इंग्रजी उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं लिहायची होती. पास झाले.

२. जूनमध्ये जळगावला गेले.

३. त्याच वर्षी पौषात तुम्हाला ताप आला. मी गावी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

४. आता इतक्या वर्षांनी धाकटीला त्याच परीक्षेला बसायचं आहे. आई नको म्हणते, आणि कारण म्हणून तुमचं शेवटचं बोलणं सांगते.

चौथ्या गोष्टीसाठी हे लिहिते आहे. बाकीच्या तिन्हींत आता काही बदलता येण्यासारखं नाही.

तुम्ही फडाचे, म्हणजे बंधाऱ्याखालच्या सामाईक शेतांचे, पाटकरी. बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांच्या उसाला तुम्ही द्यायचं, ज्याचं शेत त्याने पाण्याला हात लावायचा नाही. त्या उन्हाळ्यात मी धुळ्याहून, मामाकडची शाळा संपवून, परत आले ती तिथल्या मास्तरांनी दिलेलं उताऱ्यांचं पुस्तक घेऊन. घरात धाकटी पुस्तक ओढायची, म्हणून तुम्ही मला पाटावर घेऊन गेलात. तुम्हाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तरी अभ्यासाची रीत तुम्हीच ठरवलीत. तुम्ही पाटाचं दार उघडून सरीत पाणी सोडायचं, आणि ते पलीकडच्या बांधाला लागेपर्यंत मी उतारा मोठ्याने वाचायचा. पाणी पोचलं की पुस्तक मिटायचं आणि वाचलेलं तुम्हाला आपल्या बोलीत सांगायचं. मग फावड्यावर हात टेकून तुम्ही विचारायला लागायचात.

एक उतारा समुद्रातल्या दीपगृहाच्या रखवालदाराचा होता. तो एकटा राहतो, रोज दिवा पुसतो, महिन्यातून एकदा होडी येते. मी सांगितलं, आणि शेवटी माझ्या मनाने जोडलं की तो फार दुःखी होता.

"तो रडना का?" तुम्ही विचारलंत.

रडला असं लिहिलेलं नाही, म्हटलं.

"मंग तुले कोनी सांगं?"

तुम्ही सरीकडे बोट दाखवून म्हणालात, "आठे पानी फुटनं." म्हणजे बांध फुटून पाणी दुसऱ्याच्या शेतात शिरावं, तसं माझं सांगणं उताऱ्याबाहेर गेलं होतं. तो शब्द मग आपल्यात रूढच झाला. मी काही गाळलं किंवा पदरचं घातलं, की तुम्ही मान वर न करता "फुटनं" एवढंच म्हणायचात, आणि मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचे.

एकदा शेजारच्या शेताचे नाना बांधावर येऊन बसले. माझं वाचणं बराच वेळ ऐकून त्यांनी तुम्हाला विचारलं, "भाऊ, पानी उसले देस का पोरगीले?"

"दोन्हीले," तुम्ही म्हणालात. "पन ऊस उलटं बोलत नही."

मी हसू दाबलं. तुम्ही हसला नाहीत, पण त्या दिवशी पुढचा उतारा तुम्ही दोनदा वाचून घेतलात, नाना उठून जाईपर्यंत.

परीक्षेत कसलाही उतारा आला असता तरी चाललं असतं. जो आला तो मी मनात आधी तुम्हाला सांगितला, मगच लिहिला. आता मी जळगावला तेलाच्या गिरणीत नमुने तपासते. नळीत जे दिसतं तेवढंच कागदावर लिहायचं. साहेब म्हणतात, माझा अहवाल कोरडा असतो. ती तक्रार आहे की शाबासकी, हे मी विचारलेलं नाही.

मागच्या आठवड्यात गावी गेले होते. धाकटी चुलीपाशी बसून एकटीच उतारे वाचते. तिला प्रश्न विचारणारं कोणी नाही. मी आईजवळ विषय काढला. आई भाकरी थापत म्हणाली, त्यांना तुला पाठवल्याचा पस्तावा झाला होता, आता हिला मी पाठवणार नाही. मी म्हटलं, ते काय म्हणाले तेच सांग, तुला काय वाटलं ते नको. आईने थापणं थांबवलं आणि सांगितलं. तुम्ही तापात विचारलंत, "मन्ही पोर कोठे शे?" आईने जळगाव सांगितलं, "जयगावले शे." मग तुम्ही म्हणालात, "मंग आठे कोन वाचस?" त्यानंतर बोलला नाहीत.

एवढंच आहे. मी आईला म्हटलं, यात पस्तावा कुठे आहे? इथे आता कोण वाचतं, एवढंच त्यांनी विचारलं. धाकटी तेव्हा घरातच होती. तिच्या हातात पुस्तक द्या, असंही त्यांच्या मनात असेल.

आई म्हणाली, "तू तठे नव्हती."

धाकटी चुलीपाशी तशीच बसली होती, पुस्तक उघडं, वाचणं बंद. तीही गेली तर त्या घरात आई एकटी उरेल, हे आई बोलली नाही. ते मी जोडते आहे. तुम्ही असता तर थांबवलं असतंत.

आईला मी तुमचा नियम लावला. स्वतःला तो मला कधीच लावता आलेला नाही. तुमचं ते वाक्य आईने मला पहिल्यांदा सांगितलं ते तुमच्या दहाव्याला, आणि तेव्हापासून आजपर्यंत मी ते आईसारखंच, पस्तावा म्हणूनच, वाचत आले आहे.

धाकटीचा अर्ज शनिवारी द्यायचा आहे. तुम्हाला काय म्हणायचं होतं, ते शुक्रवारपर्यंत कळवावं.