फक्त माझेच लीक शाबूत

प्रिय आई,

नोरा आणि मी, दोघं मजेत आहोत. माझा खोकलाही गेलाय. तुझे गुडघे कसे आहेत?

खाणीतल्या लोकांच्या भाजीच्या वाफ्यांत मला एक तुकडा मिळाला, हे कळवलं होतंच. लोक वर्षानुवर्षं वाट बघतात आणि मला परक्याला तो लगेच मिळाला. इथे सगळे लीकपायी वेडे. कांद्याच्या पातीसारखे हे दांडे मनगटाएवढे जाड करायचे आणि सप्टेंबरच्या प्रदर्शनात मिरवायचे.

शेजारच्या वाफ्याचा म्हातारा नेड पहिल्याच दिवशी म्हणाला, “पोरा, बटाटे लाव. लीक लावलेस तर वैरी उगवतील.” मला वाटलं, थट्टा करतोय. मी लीकच लावले, आणि आलेही झकास.

प्रदर्शन शनिवारी आहे. काल सकाळी गेलो, तर रात्रीतून कुणीतरी आमच्या रांगेतले सगळे लीक सुरीने उभे चिरून ठेवलेले. नेड मातीत बसून होता. फक्त माझ्या वाफ्याला हात लागला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते.

“तुझे छान आलेत रे,” नेड म्हणाला.

नोराला मी हे सांगितलेलं नाही. पाववाली आज तिच्याशी का बोलली नाही, हे ती मला विचारत होती.

यंदा नाताळला तू येऊ नकोस, थंडी फार असते. आम्हीच तिकडे येऊ, कदाचित कायमचे.

आज सकाळी आमच्या पायरीवर उभा चिरलेला एक लीक होता. नोराला वाटलं, शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलाय. तिने त्याचं सूप केलं. मी मुकाट्याने प्यायलो.

तुझाच,
एडगर