गाढवदादा गप्प बसतो

सोमवार, ४ नोव्हेंबर

एकोणीस वर्षं मी गाढव आहे. आज साहेबांनी सांगितलं, गाढव जुनं झालं.

नवे साहेब छोट्यांच्या कार्यक्रमांचे प्रमुख. येऊन पंधरा दिवस झाले. मीटिंगमध्ये घड्याळ लावून माझा भाग दाखवला. "हा तुमचा गाढवदादा अकरा सेकंद नुसता बघत बसलाय. इथंच मूल चॅनेल बदलतं."

मी म्हटलं, दोन वर्षांच्या मुलाला काही विचारलं की उत्तर यायला तेवढा वेळ लागतो.

"उत्तर हवंय कशाला? आपल्याला थोडंच ऐकू येतं?"

सगळे हसले. मीही हसले. नोकरी आहे.

नवा नियम — दर दोन सेकंदांनी काहीतरी फुटलं, उडलं किंवा चमकलं पाहिजे.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

सकाळभरात गाढवदादा नऊ वेळा आपटला, चौदा वेळा किंचाळला. माझं मनगट सुजलंय. हातमोज्याची बाहुली असली तरी आत हात माझाच ना. संकलक म्हणाला, "ताई, हे कापता कापता माझ्याच डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

लिफ्टमध्ये साहेब. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तुमची मुलगी बघते का आपला कार्यक्रम? तीन वर्षांची आहे.

"छे, आमच्याकडे टीव्ही लावतच नाही. डोकं बिघडतं मुलांचं."

मग आपण कोणाशी बोलतोय ते त्यांच्या लक्षात आलं. पुढचे दोन मजले छताकडे बघत होते.

सोमवार, ११ नोव्हेंबर

डिसेंबरपासून संगणकातलं गाढव येणार. गुलाबी. पंख आहेत, चष्मा आहे. मी फक्त किंचाळायचं. बाहुलीचा शेवटचा भाग परवा. "जाता जाता काहीतरी धमाल करा," साहेब म्हणाले.

करते की.

बुधवार, १३ नोव्हेंबर

केली. संकलक आणि कॅमेरावाले काका कटात सामील. साहेब कुठलाच भाग पहिल्या मिनिटापलीकडे बघत नाहीत, हे सगळ्या मजल्याला माहीत आहे. म्हणून पहिल्या मिनिटात तीन फुगे फोडले, एक आगगाडी उडवली. पुढची सहा मिनिटं गाढवदादाला एक बूट सापडतो. बस्स. त्याला पाय नाहीत, म्हणून कानात घालून बघतो. मग विचारतो, "हा कुठं घालतात?" आणि थांबतो. बावीस सेकंद. स्टुडिओत कोणी खोकलंसुद्धा नाही.

साहेबांनी एक मिनिट बघितलं. "याला म्हणतात वेग," म्हणाले आणि सही ठोकली.

रविवार, १७ नोव्हेंबर

साडेआठला लागला. नवऱ्याने रिमोट दोनदा तळहातावर आपटला. "अडकलाय का गं?"

सोमवार, १८ नोव्हेंबर

चॅनेलवर प्रेक्षकांचे फोन घेणारी मुलगी वैतागली होती. निम्म्या लोकांचं म्हणणं, टीव्ही बंद पडला. एका आईची वेगळीच तक्रार — पोराने घरातले सगळे बूट टीव्हीपुढे मांडलेत, उचलू देत नाही, ऑफिसला जाऊ कशी?

साहेबांनी बोलावलं. "तुम्ही मला फसवलंत."

खोटं बोलायचं ठरवून गेले होते. तोंडून "हो" निघून गेलं.

उद्यापासून यायचं नाही. किंचाळायलासुद्धा नाही. बाहुली चॅनेलची, ती कपाटात ठेवून जायची. मी ठेवली. आतून माझ्या बोटांचा आकार आलाय तिला. कपाटाचं दार दोनदा लावावं लागलं, कान मध्ये येत होता.

बुधवार, २० नोव्हेंबर

उजवा हात रिकामा रिकामा वाटतो. नवऱ्याने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "कोणाशी बोलतेस?"

सांडशीशी बोलत होते.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

शिपाईकाकांचा फोन. कपाटात गाढव नाही! काल साहेब स्वतः घेऊन गेले म्हणे, लॅपटॉपच्या बॅगेत कोंबून. "कान बाहेर लोंबत होते, ताई. आम्ही सगळ्यांनी तोंड फिरवून घेतलं."

शनिवार, २३ नोव्हेंबर

साहेबांचा फोन. आधी हवापाणी. मग हळूच — त्या रविवारी मुलगी आजोळी होती. तिथं टीव्ही असतो. तेव्हापासून रोज बूट घेऊन दारात बसते, गाढवदादाची वाट बघत. "आणला मी. पण ती माझ्याशी बोलतच नाही. म्हणते, हा खोटा आहे. तो आवाज कसा काढता तुम्ही?"

अडला हरी. आणि या गाढवाला धरायला पायही नाहीत.

मी म्हटलं, आवाजाचं राहू द्या. तिला काहीतरी विचारा आणि गप्प बसा.

"किती सेकंद?"

मी उत्तर दिलं नाही. तेही थांबले. बराच वेळ दोन्हीकडे शांत. मग त्यांच्या बाजूने एक बारीक आवाज आला.

"बाबा, तू त्याला उलटा धरलायस."